पॉइंटांवरचा मुक्काम

आमच्या घाटनांदूरला हॉटेल म्हणजे चहा-भज्यांचं ठिकाण. बाकड्यावर बसायचं, बशीत चहा ओतून प्यायचा आणि उठायचं. तिथं कुणी झोपत नसे. परगावी राहायची वेळ आली तर पाहुण्यांचं घर, नाहीतर धर्मशाळा, अगदीच अडलं तर लॉज. म्हणून रंगाच्या कंपनीचं पत्र आलं आणि ‘हॉटेलात दोन रात्रींचा मोफत मुक्काम’ असं मी वाचून दाखवलं, तेव्हा आक्का म्हणाल्या, “हाटेलात कावून झोपायचं? घर न्हाई का आपल्याला?”

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आल्या, आणि आई गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं. लहानपणी देवी आल्या त्यात त्यांचा डावा डोळा गेला होता. उरलेल्या एका डोळ्यावर त्यांनी आमचं हार्डवेअरचं दुकान निम्मं सांभाळलं. गिऱ्हाईक भिंतीची लांबी-रुंदी सांगायचं आणि आक्का किती लिटर लागेल ते तोंडी सांगायच्या.

त्या काही वर्षांत गावात रंगाची हौस आली होती. चुना आणि निळीवर भागवणारी माणसं डबे मागू लागली. स्टेशनरोडला एसटीडीचा पिवळा बोर्ड लागला, गच्च्यांवरून केबलच्या काळ्या वायरी गेल्या, आणि ज्यांच्याकडं टीव्ही आला त्यांना समोरची भिंत पांढरी नकोशी झाली. कोणी आबोली मागे, कोणी पिस्ता. प्रत्येक डब्यामागं कंपनी दुकानदाराला पॉइंट द्यायची. वर्षभराचे पॉइंट मार्चअखेर वापरले नाहीत तर बाद. आधीच्या वर्षी त्यांवर भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. या वर्षी पहिल्यांदाच मुक्कामाचं कूपन आलं. मागं हॉटेलांची यादी होती, त्यातल्या एकावर खूण करून तिथं दाखवायचं.

कंपनीची पत्रं इंग्रजीत यायची. यांचं शिक्षण सातवीवर थांबलेलं, मी बारावी झालेली, त्यामुळं पत्रं वाचायचं काम माझं. या पत्रासोबत एक रंगीत कागद होता. महाबळेश्वरच्या हॉटेलाची गॅलरी, तिथं वेताच्या दोन खुर्च्या, खाली दरी. लग्नाला बारा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात आम्ही दोघं परळीला वैजनाथाला गेलो होतो आणि कपिलधारच्या यात्रेला, तेही दरवेळी दहा-बारा माणसांबरोबर. मी तो कागद फडताळात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली ठेवला. भांडी लावताना काढून बघायची.

यांनी तो पाहिला असावा. एकदा जेवताना म्हणाले, “उन्हाळ्याच्या आत जाऊन येऊ महाबळेश्वरला. दोघंच.” मी भाकरी वाढत होते. पुढचे आठ दिवस मी फार सुखात काढले.

मग आक्कांच्या त्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला. लातूरचे डॉक्टर म्हणाले, “एकच डोळा आहे, धोका नको. हैदराबादला न्या.” आमच्या स्टेशनावरून हैदराबादची गाडी सरळ जायची. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना पुण्यापेक्षा तेच शहर जवळचं. दवाखान्यातून कळलं की ऑपरेशन झालं की सोडतील, पण तपासणीसाठी पुढचे दोन दिवस जवळच राहावं लागेल. पट्टी असेपर्यंत आक्कांना काहीच दिसणार नव्हतं.

कूपनाच्या यादीत हैदराबादचंही एक हॉटेल होतं.

आक्कांचं म्हणणं सरळ होतं. “फुकटचं मिळतंय तर तिथंच वापरा. रोख पैसे कावून घालवायचे?”

हे म्हणाले, “न्हाई आक्का. लॉज आपल्याला रोखीनं परवडतंय. जे रोख देऊन आपण कधीच करणार न्हाई, त्यालाच पॉइंट लावायचे.” मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, “ते हैदराबादचं हाटेल दवाखान्यापासून किती लांब हाय?”

पत्त्यात दवाखान्याच्या मागच्याच रस्त्याचं नाव होतं. मी ते वाचलेलं होतं.

“लई लांब हाय,” मी म्हणाले. “शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.”

“मंग लॉजच,” हे म्हणाले आणि विषय संपला. आक्का ताट घेऊन उठल्या. पुढं भिंत आहे का दार, हे त्या हातानं चाचपत होत्या.

निघताना मी कूपन पिशवीत घातलं. कशासाठी घातलं ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

लॉज दवाखान्यापासून अर्ध्या तासावर, तिसऱ्या मजल्यावर निघालं. अरुंद जिना, पायऱ्या उंच-सखल, संडास बोळाच्या टोकाला सगळ्यांत मिळून एक. पहिली रात्र निभावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. दुपारी आम्ही आक्कांना परत आणलं तेव्हा डोळ्यावर जाड पट्टी होती. हे पुढं, मी मागं, अशी एकेक पायरी मोजत त्यांना वर चढवलं. डॉक्टरांनी डोक्याला जराही हिसका बसू देऊ नका म्हणून बजावलं होतं.

तासाभरानं त्यांना संडासला जायचं होतं. मी हात धरून नेलं. बोळात कुणीतरी बादली सांडलेली. आक्कांचा पाय सरकला आणि त्या माझ्या अंगावर कलल्या. कोपर भिंतीला आपटलं, डोकं वाचलं. खोलीत आणून बसवलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला, तर त्यांनी तो हातानंच बाजूला सारला.

“आता पट्टी निघोस्तोवर मी पाणीच पीत न्हाई,” त्या म्हणाल्या. “पाणी प्यालं की जावं लागतं. तुमाला तरास नको.”

यांनी तांब्या उचलून पुन्हा त्यांच्या हाताशी ठेवला. मी पिशवीतून कूपन काढलं.

“आपण तिकडंच जाऊ,” मी म्हणाले.

“लांब हाय म्हणली होतीस ना?” यांनी विचारलं.

“असू द्या लांब. जाऊ.”

रिक्षात हे ड्रायव्हरशेजारी बसले. रिक्षा दवाखान्यावरून गेली, डावीकडं वळली आणि थांबली. यांनी मागं वळून दवाखान्याच्या गच्चीकडं पाहिलं आणि भाडं दिलं. मी आक्कांना उतरवायच्या घाईत असल्याचं दाखवलं.

काउंटरवरच्या माणसानं कंपनीच्या ऑफिसला फोन लावला. आम्ही गुबगुबीत कोचावर अवघडून बसलो. आक्का हातानं त्या कोचाची कड चाचपत होत्या. होकार आला, पण कूपन दोघांचंच. तिसऱ्या माणसाचे वेगळे पैसे, आणि तो आकडा ऐकून हे कोचावरून उठलेच.

“तुमी दोघी ऱ्हावा,” ते म्हणाले. “लॉजचं भाडं तसंबी दिलंय. मी जातो तिकडं.”

अशा रीतीनं हॉटेलातला जो मुक्काम मी नवऱ्याबरोबर करायचं मनात धरलं होतं, तो मी नणंदेबरोबर केला.

खोलीत दार लोटल्यावर इतकी शांतता झाली की आक्का म्हणाल्या, “कुणी हाय का हितं?” मी म्हटलं, आपण दोघीच. संडास खोलीतच, चार पावलांवर होता. मी त्यांना दोनदा नेऊन भिंतीचा अंदाज दिला. मग त्यांनी पाणी मागितलं आणि भांडंभर प्याल्या. संध्याकाळी टेबलावर धुतलेला पंचा अंथरून मी त्यांची पूजेची तयारी केली. गळ्यातलं इष्टलिंग हातावर घेऊन त्यांनी न बघताच पूजा केली, विभूती लावली. माझ्याही कपाळावर लावली, थोडी भुवईवर गेली.

मग मला राहवेना. मी सांगून टाकलं. पत्ता मला ठाऊक होता, मला महाबळेश्वरला जायचं होतं, म्हणून मी खोटं बोलले.

आक्कांनी उशीला पाठ टेकली. पट्टी बांधलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नाही. राग आला, का झोप लागली, मला समजेना.

“बरं,” शेवटी त्या म्हणाल्या. “आता ह्या खोलीत काय काय हाय ते मला सांग. ह्यात खोटं बोलू नको.”

मी सांगू लागले. पलंगाची चादर पांढरी, एक सुरकुती नाही. भिंतीला फिकट बदामी रंग, छताला पांढरा. पडदा हिरवा. आरशाभोवती लाकडाची चौकट.

“हिरवा कसला?” त्यांनी विचारलं. “पिस्ता का बाटली?”

“बाटलीच्या जरा अलीकडं.”

“असा रंग नसतोय.”

आम्ही दोघी हसलो. बारा वर्षांत आमचं बोलणं चूल, दुकान आणि पाहुणे एवढ्यावरच चाललं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी मला पहिल्यांदा त्यांच्या नवऱ्याबद्दल सांगितलं. तो सिरसाळ्याच्या बाजारात कापड विकायचा, चालताना हात मागं बांधायचा, आणि लग्नानंतर तीन वर्षांत त्यानं त्यांना एकदाही नावानं हाक मारली नव्हती. “नाव घ्यायला लाजायचा,” त्या म्हणाल्या. “मला लई ऐकायचं होतं.”

आठच्या सुमारास हे दहीभाताचा डबा घेऊन आले. दाराबाहेरच चपला काढून, पंजे आखडून गालिच्यावर उभे राहिले. आक्का जेवल्यावर लगेच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन पुन्हा हजर.

दवाखान्यात पट्टी काढली. आक्कांनी हळूहळू डोळा उघडला, डॉक्टरांनी दाखवलेली बोटं मोजली आणि मग भावाकडं बघून म्हणाल्या, “दाढी कर जरा. आजारी तू हाईस का मी?” हे तोंड फिरवून खिडकीशी गेले.

खोलीत परतल्यावर आक्कांनी आधी पडदा हातात धरला. “हिरवा न्हाई ह्यो,” त्या म्हणाल्या. “मोरपंखी हाय. एवढी वर्षं दुकानात बसून तुला रंग कळंना?”

पुढच्या वर्षी कंपनीनं मुक्कामाची योजना बंद केली आणि थर्मास दिला. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. आक्का त्यानंतर बारा-तेरा वर्षं जगल्या, शेवटपर्यंत सुईत दोरा स्वतः ओवत. मी सांगितलेलं त्यांनी भावाच्या कानावर कधी घातलं नाही.

महाबळेश्वरला आम्ही गेलो ते त्या हैदराबादच्या फेरीनंतर सहा वर्षांनी. रोख पैसे देऊन, एकच रात्र. दुकान आक्कांनी सांभाळलं. गॅलरीत खुर्च्या होत्या, प्लॅस्टिकच्या. तिथं बसून मी यांना पत्त्याचं खरं सांगितलं.

“मला ठावं हाय की,” हे म्हणाले. “रिक्षातनंच दिसलं होतं.”

“मंग बोलला न्हाईत कावून?”

त्यांनी जरा विचार केला. “तवा आक्काला पाणी पाजायचं होतं. नंतर बोलायचं राहूनच गेलं.”

दरी दिसत नव्हती, सगळीकडं धुकंच होतं. यांनी उठून आतून माझी शाल आणून दिली आणि हे चहा सांगायला खाली गेले.