झाडू-बादलीची खोली

शालन मावशी बागेतल्या संडासाचं दार उघडं असलं तरी वाजवूनच आत जात. बोटांच्या पेरांनी तीनदा टकटक, मग "कोण हाय का गं आत?" अशी हाक, मग क्षणभर थांबणं, आणि मगच हातात खराटा घेऊन प्रवेश. आत चिटपाखरूही नाही हे बाहेरच्या बाकावरून मलासुद्धा दिसत असे. एकदा न राहवून मी म्हटलं, "मावशी, रिकामं आहे की."

"दिसतंय रिकामं," त्या म्हणाल्या. "आत कोण कुठल्या अवस्थेत बसलंय ते भायेरनं कळत न्हाय, पावणं. वाजवायला काय बोटं झिजत्यात?"

आमच्या कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. चार दिवसांची ओळख झाली की पावण्याचा दादा होतो, नाहीतर साहेब. शालन मावशींनी मला शेवटपर्यंत पावणंच ठेवलं. सुरुवातीला मला त्याची गंमत वाटायची.

मी आर्किटेक्ट आहे. आमच्या उपनगरातल्या बागेतला पत्र्याचा जुना संडास पाडून नवा बांधायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मित्रांनी मला यथेच्छ चिडवलं. नेसरीहून वडिलांचा फोन आला, "काम कर, पण गावात कुणाला सांगत बसू नको." मग मी ठरवलं, हा संडास संडासासारखा दिसताच कामा नये. दर्शनी बाजूला जांभ्या दगडाची लांबच लांब भिंत, तिला एकही भोक नाही, पुढे फुलझाडांचा वाफा. लाज माझी होती आणि ती झाकायला मी भिंत आखली. पण हे शहाणपण आत्ताचं आहे. तेव्हा मी त्याला संकल्पना म्हणत होतो.

नकाशा मी पहिल्यांदा पसरला तो बागेतल्या बाकावर. जुना संडास अठरा वर्षं सांभाळणाऱ्या बाईंना विचारून घ्या, असं बागेच्या समितीनं सुचवलं होतं, म्हणून शालन मावशींना बोलावलं. उंच, काटक बाई. लुगड्यावर पुरुषाचा जुना शर्ट, त्याच्या खिशात चष्मा. त्यांनी चष्मा लावला आणि माझ्या सहाय्यकांनाही जमत नाही इतक्या सरळपणे नकाशा वाचला. "बायकांचं दार कट्ट्याकडं नगं. तिथं दिवसभर गडी बसत्यात, एक बाई आत जायची न्हाय. पिशवी अडकवायला खिळा पायजे, खाली कुठं ठेवंल ती? आन् तान्हं पोर ठेवायला हितं एक फळी करा. पोर कडंवर घिऊन कसं बसायचं, तुमी बसून बघा एकदा."

मी सगळं लिहून घेतलं आणि सगळं केलं. एवढं श्रेय मला आहे.

मग त्यांनी विचारलं, "आन् ह्यात मी कुठं हाय?"

मी पेन्सिलीचं टोक दोन पाइपांच्या मधल्या एका चौकोनावर ठेवलं. चार फूट बाय तीन फूट. त्यावर मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'झाडू-बादली'.

त्यांनी त्या चौकोनावर बोट फिरवलं. म्हणाल्या, "आठ तास हितं असती मी. एक खुर्ची बसंल एवढी जागा आन् वाऱ्याला एक झरोका. लई काय न्हाय."

खोली मोठी करायची तर वाफा दोन फूट कमी करावा लागणार होता, आणि झरोका पाडायचा तर तो नेमका माझ्या जांभ्याच्या भिंतीत. मी म्हटलं, "बघतो."

"बघतो म्हंजी न्हाय," असं म्हणून त्या हसल्या आणि खराटा उचलून गेल्या.

इमारत देखणी झाली. लोक तिच्यापुढे उभं राहून फोटो काढायचे. आत मात्र मावशींचं राज्य होतं. फरशी कोरडी, कोपऱ्यात फिनेलचा वास, आणि एका पत्र्याच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली पॅड्स, कुणा पोरीला अडचण आली तर असावीत म्हणून. एकदा खेड्यातून आलेली एक बाई बाकावर ऊन झेलत बसली होती. मी तिला पाण्याची बाटली पुढे केली, ती नको म्हणाली. मावशी तिला हाताला धरून आत घेऊन गेल्या. बाहेर आल्यावर तिनं माझी बाटली मागून घेतली आणि घटाघटा संपवली. मावशी मला म्हणाल्या, "बाई पाणी नगं म्हटली की तिला तहान न्हाय असं समजू नगासा. तिला जायला जागा न्हाय."

हे वाक्य मी पुढे एका सादरीकरणात वापरलं. कुणाचं ते सांगितलं नाही. सभागृहात टाळ्या पडल्या आणि इमारतीचं नाव एका पुरस्काराच्या अंतिम यादीत गेलं.

परीक्षक पुण्याहून आले, तिघे. मी त्यांना खिळे दाखवले, तान्ह्या पोराची फळी दाखवली. ते "वापरणाऱ्यांचा केवढा बारकाईनं अभ्यास" असं काहीतरी म्हणत होते आणि मी नम्रपणे मान हलवत होतो. तशाच ओघात मी झाडू-बादलीच्या खोलीचं दार ओढलं. न वाजवता.

आत शालन मावशी पालथ्या बादलीवर बसून जेवत होत्या. मांडीवर डबा, हातात भाकरीचा तुकडा, डोक्याशी अॅसिडच्या बाटल्या. त्यांनी मान वर केली. मी परीक्षकांना म्हणालो, "ही सामानाची खोली," आणि दार लावलं. सामानाच्या खोलीला आतून कडी कशाला हवी, म्हणून कडी मी बाहेरच दिली होती. सवयीनं तीही सरकवली.

आम्ही चार पावलं पुढे गेलो असू. मागून आवाज आला, बोटांच्या पेरांचा. टक, टक, टक.

एका परीक्षकांनी वळून विचारलं, "आत कुणी आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "पाइपात हवा अडकते कधी कधी."

मी रागावलेलो नव्हतो, कुणी माझ्यावर दबाव आणला नव्हता. फक्त त्या तिघांना ती बाई त्या खोलीत बसलेली दिसायला नको होती, कारण मग ते विचारणार होते, या बाई नकाशात कुठे आहेत?

पाहुण्यांना दर्शनी भिंतीपाशी सोडून मी धावत परत आलो आणि कडी काढली. मावशींनी डबा बांधून ठेवला होता. त्यांनी थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला. "घ्या, पावणं. घामाघूम झालायसा."

खोलीत फिनेलचा आणि अॅसिडचा दर्प कोंडलेला होता. मी बांधलेल्या खोलीत मला एक घोट घशाखाली उतरवता येईना. मी म्हटलं, "चहा सोडलाय मी, मावशी."

दहा मिनिटांनी मी बागेच्या फाटकावरच्या गाड्यावर परीक्षकांबरोबर चहा पीत होतो. मावशी कचऱ्याची बादली घेऊन समोरून गेल्या. त्यांनी माझ्या हातातला कप पाहिला आणि माझ्यासाठी रस्ता सोडून बाजूनं गेल्या.

पुरस्कार मिळाला. मानचिन्ह ऑफिसात लागलं. मी बागेत जायचं टाळू लागलो, आणि गेलोच तर मावशींना धाप लागलेली दिसायची. दोन बादल्या उचलल्या की भिंतीला टेकून उभ्या राहत. डॉक्टर म्हणाले होते, कोंडलेल्या जागेत अॅसिडच्या वाफेत बसू नका. मावशींनी मला हे हसत सांगितलं, जणू डॉक्टरच वेडा आहे. मी परत म्हटलं, "बघतो." या खेपेला त्यांनी नुसता खराटा उचलला. दोन महिन्यांनी त्यांनी काम सोडलं आणि कबनूरला लेकीकडे राहायला गेल्या.

त्यानंतर मी भिंत फोडली. समितीला पत्रं लिहून, स्वतः उभं राहून, जांभ्याच्या त्या नामांकित भिंतीत दोन फुटांचा झरोका पाडला. वाफा कमी केला, खोली वाढवली, आत खुर्ची ठेवली, कडी आतून बसवली. सगळं काम पाच दिवसांत झालं. पाच दिवसांचं काम मी तीन वर्षं बघत होतो.

मग कबनूरला गेलो. शेजारी यंत्रमाग खडखडत होते. मावशींच्या लेकीच्या घराचं दार सताड उघडं होतं. मी तीनदा वाजवलं.

"उघडंच हाय की," आतून आवाज आला. मग त्या बाहेर आल्या, आणखी वाळलेल्या. "पावणं व्हय. या."

मी बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. झरोका, खुर्ची, कडी. त्यांनी एवढंच विचारलं, "नवी पोरगी बसती का खुर्चीवर?"

"बसते."

"बरं झालं."

लेकीनं चहा आणला. मी जीभ पोळेपर्यंत तो प्यालो, आणि कुणी विचारलं नसताना आणखी अर्धा कप मागून घेतला. मावशी बघत होत्या. मी म्हटलं, "मावशी, मी तेव्हा खोटं बोललो होतो. चहाचं. आणि ते पाइपात हवा म्हणालो ते..."

"आयकलं हुतं मी," त्या म्हणाल्या. "दार पातळ हाय तुमचं."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, नको म्हणून की पुरे म्हणून ते मला कळलं नाही. माझ्या हातातला रिकामा कप त्यांनी काढून घेतला, मोरीकडे जायला वळल्या, आणि धाप ओसरेपर्यंत चौकटीला धरून थांबल्या.

"हितं प्यालासा, बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "पर घरात कोण बी पितंय, पावणं."