डब्यातलं काळीज

धुळे-जळगाव बसमध्ये शेजारच्या अक्का माझ्या मांडीवरच्या थर्मोकोलच्या डब्याला पदराने वारा घालत होत्या. आत बर्फात एक रसायन होतं. कॅन्सरच्या पेशीतला वाढीचा निरोप ते अडवतं का, हे मला जळगावच्या प्रयोगशाळेत तपासायचं होतं.

पारोळ्याला बस चहासाठी थांबली ती हलेचना. बर्फ वितळू लागला. मी कंडक्टरला पेशी, प्रथिनं, निरोप, सगळं समजावलं. त्याने दुसरा चहा मागवला.

अक्का खिडकीतून ओरडल्या, "भाऊ, ह्या डबामा माणूसनं काळीज शे!"

मग बस एरंडोललाही थांबली नाही.

जळगावला उतरल्यावर मी विचारलं, "अक्का, खोटं का बोललात?"

"तू खरं बोलनी, म्हनीसन तर बस हालनी नही."

आणि त्या एरंडोलची परतीची बस शोधायला निघाल्या. त्यांचं गाव मागेच राहिलं होतं.