पाचवा मुद्दा
नव्या गाइडांचा खोका फोडला की शाईचा आणि डिंकाचा वास येतो, आणि मला अचलपूरच्या आमच्या शाळेतला दहावीचा वर्ग आठवतो. राजापेठेतून रोज एसटीनं येणाऱ्या मराठीच्या मॅडम गाइड बाजूला ठेवून आम्हाला, जिचा उतारा धड्याला होता, ती जुनी कादंबरीच वाचून दाखवत. त्या दिवशी त्यांनी विचारलं, सगळ्यांना वाढून नायिका स्वतः उपाशी का झोपते? गाइडात चार मुद्दे होते: सोशिक, त्यागी, प्रेमळ, कुटुंबवत्सल. मी उठून म्हणाले, "मॅडम, माही माय बी तशीच निजते. तो त्याग नाही, भाकरच उरत नाही." मॅडमनी माझं वाक्य फळ्यावर पाचवा मुद्दा म्हणून लिहिलं. तेवढ्यात दारातून हेडमास्तर ओरडले, "तुह्या मायवर बोर्डात प्रश्न येनार हाय काय वं?" वर्ग खो खो हसला. वरून ते वाक्य त्यांनी मलाच पुसायला लावलं! माझ्या मायची भूक मीच डस्टरनं पुसली. मॅडम मात्र हसल्या नाहीत. तेच वाक्य माझ्या वहीत लाल पेनानं लिहून त्यांनी पाचपैकी पाच दिले. ते उपकार मी विसरले नाही. बोर्डाच्या आधीच माझी शाळा सुटली. आता पुण्यात गोदामात पुस्तकांची पार्सलं बांधते. काल नव्या गाइडात त्या धड्याचं पान उघडून पाहिलं, तर अजून तेच चार मुद्दे! अजूनही पोरी तेच घोकून राहिल्या असतील. सुपरवायझर पाहील अशी धास्ती होती, तरी पार्सलवर नंबर टाकायच्या पेनानं मी खाली पाचवा मुद्दा लिहिला आणि खोका चिकटवून टाकला.