चोराच्या गळ्यातला हवालदार

आमच्या अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत किस्से दाराबाहेरच्या चपलांसारखे साठतात. चपला आत आणायला बंदी, कारण त्यांची करकर माइक पकडतो. किस्से मात्र आतच घडतात आणि घरी न्यायला कोणी अडवत नाही. मी इथली डबिंग डिरेक्टर. म्हणजे काचेच्या अलीकडे बसून चांगल्या चांगल्या माणसांना "पुन्हा घे" म्हणणारी बाई.

यंदा आमच्याकडे एक जपानी अ‍ॅनिमेशन फिल्म मराठीत करायला आली. एका महाचोराची. दोरीवरून उतरणार, तिजोरी रिकामी करणार, वर जाताना पोलिसांना सलाम ठोकणार. एकदम झकास काम. तो चोर मी सुधीरला दिला.

सुधीर चेंबूरचा, मूळचा मालवणकडचा. डबिंगमध्ये त्याच्या वाट्याला कायम हवालदार. "थांब!" नाहीतर "साहेब, तो पळाला!" की संपलं. टीव्हीवर कुठलंही कार्टून लागलं आणि गर्दीतला हवालदार ओरडला, की त्याचे वडील बाल्कनीतून ओळखायचे. "ह्यो माझो झील," म्हणजे हा माझा मुलगा, असं शेजाऱ्यांना सांगायचे.

*

पहिल्याच दिवशी चोर पाऊल न वाजवता संग्रहालयात शिरतो तो सीन. पूर्ण शांतता हवी. एसी बंद, फ्लावियाने बांगड्यासुद्धा काढून ठेवल्या. फ्लाविया बोरिवलीची, चोराच्या हुशार मैत्रिणीचा आवाज तिचा. सुधीरने श्वास रोखला आणि नेमकं त्याचं पोट गुरगुरलं.

आमचा रेकॉर्डिस्ट भोसले हेडफोन काढून म्हणाला, "ताई, संग्रहालयात वाघ पण आहे का?"

तेव्हापासून प्रत्येक चोरीच्या आधी चोराला दोन केळी कंपल्सरी.

*

आमच्या खालच्या मजल्यावर डेंटिस्ट आहे. आम्ही भिंती साउंडप्रूफ केल्या, जमीन राहूनच गेली. गच्चीवरून पोलीस धडाधड खाली पडतात, त्या किंकाळ्या आम्ही सगळ्यांनी मिळून दिल्या. मीही दिली, आणि माझी सगळ्यात चांगली होती.

दहा मिनिटांत डॉक्टर वर आले. "अहो, माझा पेशंट तोंड उघडं ठेवूनच निघून गेला. त्याला वाटलं, कठीण केसेस मी वरच्या मजल्यावर पाठवतो."

*

मग चोराचा नूडल्स खायचा सीन. जपानी माणूस नूडल्स ओढताना आवाज करतो, तो हुबेहूब हवा. सुधीरने घरून सोलकढी आणली आणि माइकसमोर वाटी तोंडाला लावून असे काही भुरके मारले, की भोसलेला भूक लागली.

पहिली दोन रिळं क्लायंटकडे गेली. तिथल्या मॅडमचा मेल आला, "भुरके उत्तम. आवाज चालणार नाही. हा चोर नाही, तुमचा नेहमीचाच हवालदार वाटतो. पुन्हा करा, मी ऐकायला येते. नाही जमलं तर मालिकेतला एक हिरो बघून ठेवला आहे."

सुधीरने मेल वाचला आणि वाटी धुवायला गेला. बराच वेळ धूत होता. मला फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांनी मिळालेला पहिला हिरो त्याच्या हातातून जात होता. घरी त्याने अजून काहीच सांगितलं नव्हतं. पक्कं झाल्याशिवाय बोलायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

*

रोग फ्लावियाने ओळखला. "तू बोलताना छाती पुढे काढतोस. चोर कधी छाती काढतो का रे?"

झालं. माइकचा स्टँड पार गुडघ्यापर्यंत खाली आणला आणि सुधीरला उकिडवं बसवलं. आवाज लगेच बदलला. हलका, लबाड, कानाशी येऊन बोलणारा. सगळी फिल्म त्याने तशीच बसून पुन्हा केली. पडद्यावर चोर या गच्चीवरून त्या गच्चीवर उड्या मारत होता, आणि इकडे सुधीरच्या पायांना मुंग्या आलेल्या. टेक संपला की भोसले आणि मी त्याला दोन्ही बाजूंनी धरून उठवायचो.

*

मॅडम आल्या त्या दिवशी सुधीरचे वडीलही आले. त्यांना जवळच डोळे दाखवायचे होते, म्हणून सुधीर त्यांना घेऊन आला होता. बाहेर कुठे बसवणार? आत घेतलं. मॅडमच्या शेजारचीच खुर्ची रिकामी होती.

फिल्म सुरू झाली. मॅडम हाताची घडी घालून बसलेल्या. सुधीर सगळ्यात मागे, भिंतीला टेकून उभा. मी एवढी फिल्डमध्ये मुरलेली, पण मीही पेनाचं टोपण चावत बसले.

मध्येच एक हवालदार ओरडला, "साहेब, तो पळाला!" रेकॉर्डिंगच्या दिवशी एक कलाकार आला नव्हता, म्हणून ती एक ओळ सुधीरनेच मारली होती. वडील खुर्चीत ताठ बसले आणि मॅडमना कोपराने ढोसून म्हणाले, "ह्यो माझो झील!"

झालं, मॅडमना तो नेहमीचा हवालदार पुन्हा आठवणार. मॅडमनी मागे वळून सुधीरकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे वळल्या.

फिल्म संपली. दिवे लागले. वडील हळूहळू उठले, मागे आले आणि सुधीरच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझी ओळ बरी झाली. पण तो चोर कोण रे? काय आवाज आसा मेल्याचो! तुका असला काम कधी गावतला? कधी मिळतला?"

मॅडमनी पर्स उचलली. जाता जाता मला म्हणाल्या, "लॉक करा. चोर हाच."

"गावतला, बाबा," सुधीर म्हणाला, आणि दाराबाहेर त्यांच्या चपला शोधायला वाकला.