बाईंचं कोणी ऐकेना

गाडी शिकवताना बाई कधी ओरडायच्या नाहीत. आपण चुकलो की त्या स्वतःच्या बाजूच्या ब्रेकवर शांतपणे पाय ठेवायच्या आणि काचेबाहेर बघत विचारायच्या, “बोला, काय ठरलं आपलं?” वारज्याच्या पुलाखाली गाडी आडवी उभी, मागे हॉर्नचा गदारोळ, आणि बाई निवांतपणे उत्तराची वाट बघताहेत. मला रडू यायचं.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी व्यक्ती असेल, जिच्या हाताखाली शिकताना नकोसं होतं आणि शिकून झाल्यावर जिच्याशिवाय करमत नाही. बाई आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. वाघोलीला धाकटी बहीण आणि इथे आम्ही शिष्या, एवढाच गोतावळा. चाळिशी उलटलेल्या, नवऱ्याने “तुला नाही जमायचं” म्हणून शिकवणं सोडून दिलेल्या बायका त्यांच्याकडे यायच्या. मीही त्यातलीच.

एकदा माझ्या लक्षात आलं की त्या सीटबेल्टखाली घडी केलेला नॅपकिन ठेवतात. डाव्या खांद्यावरून पट्टा छातीवर येतो, नेमका तिथे दुखायचं. “जन्मभर या सीटवर बसले, पट्ट्यानेच झालं असणार,” म्हणाल्या. मग स्तनाग्राजवळ वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. ती दाबली की दुखायची. आमच्या इमारतीतल्या तमाम बायकांनी एकमताने निकाल दिला, की दुखतेय म्हणजे साधीच असणार, कॅन्सरची गाठ कुठे दुखते? कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना हा निकाल कोणी कळवला नव्हता, हे बरं झालं. त्यांनी सरळ मॅमोग्राफीला पाठवलं, पुढे बायोप्सी झाली आणि कॅन्सर निघाला.

रिपोर्टमध्ये ‘ट्रिपल निगेटिव्ह’ असे शब्द होते. बाईंच्या एका आयटीतल्या शिष्येने सिग्नलला गाडी थांबल्या थांबल्या मोबाइल काढला आणि डोळे मोठे करून म्हणाली, “मॅम, हा तर खूप ॲग्रेसिव्ह असतो!”

“सिग्नल सुटलाय,” बाई म्हणाल्या. “तो वाच आधी.”

हा किस्सा त्यांनीच मला सांगितला, हसत. पण कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जाताना “येता का बरोबर?” असंही विचारलं. बाईंनी कोणाला सोबत मागितलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

डॉक्टर तरुण होत्या, पण घाई नव्हती त्यांना. म्हणाल्या, “हे बघा, औषधं कोणती चालतील ते ठरवायला आम्ही गाठीत तीन खुणा शोधतो. तुमच्या गाठीत तिन्ही नाहीत, म्हणून ते नाव. असे बहुतेक कॅन्सर वेगाने वाढतात, हे खरं. पण तुमचा प्रकार निराळा आहे, ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा. स्तनात फार क्वचित होतो. सावकाश वाढतो, काखेतल्या ग्रंथींपर्यंत सहसा जात नाही. गाठ काढू, रेडिएशन देऊ. तुमच्या बाबतीत केमोची गरज दिसत नाही.”

“म्हणजे दुर्मिळ, पण त्यातल्या त्यात सभ्य,” बाई म्हणाल्या. डॉक्टर हसल्या.

खरा वैताग सुरू झाला तो यानंतर. बाईंची चांगली बातमी ऐकायला कोणी तयारच नव्हतं! माणसं चेहरे पाडून यायची, बाई त्यांना सगळं समजावून सांगायच्या आणि ती जिना उतरताना माझ्या दारात थांबून कुजबुजायची, “बिचारीला खरं सांगितलेलं दिसत नाही.” कोणी पपईच्या पानांचा रस आणला, कोणी गव्हांकुरांचे ट्रे. “घरात एवढं गवत झालंय,” बाई म्हणाल्या, “आता कोणीतरी गायही आणून द्या.”

सगळ्यांवर कडी केली ती धाकटीने. वाघोलीहून ती बॅग भरूनच आली. केमो नाही म्हणजे डॉक्टरांना काही कळत नाही, नाहीतर आशाच सोडलेली आहे, असं तिने ठरवून टाकलं. तिच्या हट्टासाठी बायोप्सीच्या काचपट्ट्या दुसऱ्या हॉस्पिटलात तपासून आणल्या. तिथेही तेच निदान, तोच सल्ला. तरी तिने बाईंना न विचारता तिसऱ्या ठिकाणी केमोसाठी वेळ घेतली. हे कळलं तेव्हा मी नेमकी तिथेच होते.

“अगं, छाती माझी, गाठ माझी!” बाई त्या दिवशी मात्र ओरडल्या. “दोन दोन डॉक्टर नको म्हणताहेत आणि तू मला विष घ्यायला लावतेस?”

“आईलाही सुरुवातीला चांगलंच म्हणाले होते, ताई,” धाकटी म्हणाली. “तू सासरी होतीस. तिच्या जखमेच्या पट्ट्या मी बदलत होते.”

मी उगाचच टेबलावरचे कप आत नेऊन ठेवले.

दुसऱ्याच दिवशी त्या धाकटीला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. मलाही नेलं. “मला कळलंय,” त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. “आता हिला सांगा. हिच्या डोळ्यांसमोर मी नाहीये, आमची आई आहे.”

डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. आईचा आजार कोणता होता, कुठवर पसरला होता, ते विचारून घेतलं आणि दोन्हींतला फरक सांगितला. धाकटीने सगळं ऐकलं आणि म्हणाली, “परत येणार नाही, असं लिहून द्या.”

“ते नाही देता येणार,” डॉक्टर म्हणाल्या. “हा उशिरा परत येऊ शकतो, पुष्कळ वर्षांनीसुद्धा. कधी कधी फुफ्फुसात दिसतो. म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत, बरं वाटत असलं तरी. पण हा झालेल्या बहुतेक बायका त्यानंतर वर्षानुवर्षं चांगल्या जगतात.”

आणि गंमत बघा, त्यातलं वाईट ऐकल्यावर धाकटीचा चांगल्यावर विश्वास बसला! तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, “ऑपरेशन कधी?”

ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. कातडी काळवंडली, हात वर जाईना, आणि व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला बाईंनी नको नको करून सोडलं. पुढे काही वर्षं त्यांनी गाडीही शिकवली. पण धाकटीने तपासण्या आपल्या ताब्यात घेतल्या होत्या. तारीख जवळ आली की ती चार दिवस आधीच येऊन ठाण मांडायची, आणि बाई मला जिन्यात गाठून तिच्या तक्रारी सांगायच्या. शेवटी धाकटीने त्यांना वाघोलीलाच नेलं. टेम्पोत सामान चढवताना दोघी कुठल्याशा पातेल्यावरून भांडत होत्या. आता वरच्या घरात भाडेकरू आहेत. सज्जन माणसं आहेत, जिन्यात भेटली की हसतात आणि पुढे जातात.

परवा धाकटीचा फोन आला. तपासणी होती, हे मला ठाऊक होतं. “ताईचं सगळं नीट आहे,” एवढं म्हणाली आणि हुंदके देऊन रडायलाच लागली.

मागून बाईंचा आवाज आला, “अगं, नीट आहे तर रडतेस कशाला? दे तो फोन इकडे!”

फोन काही बाईंच्या हातात गेला नाही. धाकटी रडतच राहिली. मी फोन कानाला लावून बसले होते. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पावलं जवळ आली, आणि बाई अगदी हळू म्हणाल्या, “बरं बाई, रड.”