सुमनच्या नावाचं कार्ड

“याला गियाँ-बारे सिंड्रोम म्हणतात,” डॉक्टर म्हणाले. “शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं. हातपाय लुळे पडतात. बहुतेक पेशंट बरे होतात, पण वेळ लागतो.”

माझ्या बायकोनं, सुमननं, एकच विचारलं, “चालतील ना हे?”

“आधी श्वास सांभाळू. चालण्याचं नंतर बघू.”

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही वाशीला नवीनच राहायला आलो होतो. मी दिघ्याच्या एका कारखान्यात फिटर. आधी जुलाब झाले, थांबले. मग पायांना मुंग्या आल्या, जिना चढवेना, आणि एका सकाळी हातातला कप निसटला. सुमननं शेजाऱ्यांच्या मदतीनं मला टॅक्सीत घालून खाडीपलीकडच्या हॉस्पिटलात आणलं.

लंबर पंक्चर केलं. म्हणजे मणक्यात सुई घालून आतलं पाणी तपासतात. नावानं धसका बसतो, पण कुशीवर निपचित पडलं की पटकन होतं. घाबरू नका.

श्वास किती पुरतो ते बघायला डॉक्टर मला एका दमात आकडे म्हणायला लावत. आकडे कमी पडले की सुमनचा चेहरा उतरायचा. व्हेंटिलेटर, म्हणजे श्वास देणारं मशीन, कॉटजवळ आणून ठेवलं होतं. नशिबानं ते लागलं नाही.

चेहराही लुळा पडला होता. डोळे मिटत नसत, तेव्हा सुमन त्यांवर ओली पट्टी ठेवी. रोज वाशीहून बसनं पेज घेऊन यायची, चमच्यानं भरवायची, माझी दाढी करायची. तिच्याकडे बघून साधं हसताही यायचं नाही, ह्याचं मला फार वाटायचं.

बऱ्याच आठवड्यांनी बोटं हलली. मग ऑक्युपेशनल थेरपी सुरू झाली. रोजच्या कामांमधून हातांना पुन्हा सवय लावतात, ती ही. तिथल्या बाईंनी कात्री आणि जुन्या कॅलेंडरची पानं दिली. “कुणासाठी करताय ते आधी ठरवा. मग हात चालतो,” त्या म्हणाल्या.

मी फुलं कापली. पाकळ्या फाटल्या, पुन्हा कापल्या. औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवली. आत वाकड्या अक्षरांत लिहिलं, ‘सुमन, पेज रोज आवडली. तू दमतेस ते मला दिसतं.’

“कुणाचं हे?” तिनं विचारलं.

“तुझं.”

पदराला हात पुसून तिनं ते घेतलं. दोनदा वाचलं. मग म्हणाली, “पोस्टमन येतो तो तुमच्याच नावानं. माझ्या नावाचा हा पहिला कागद.” डोळे पुसता पुसता तिला हसू फुटलं. “आणि पेज कसली आवडली? दोनदा मीठ विसरले मी.”

“तेवढं लिहायला जागा उरली नाही.”

ती एकदम पुढे वाकली. “अहो, तुमचं तोंड हललं! हसलात तुम्ही!”

पुढे मला कुशीवर वळवणाऱ्या वॉर्डातल्या मावशींना कागदाची फुलं दिली, सिस्टरना कार्ड. मावशींनी ती अंबाड्यात खोचून वॉर्डभर मिरवली.

तुमच्या घरी असं आजारपण आलं तर आभार मानायला पुरतं बरं व्हायची वाट बघू नका. वेडंवाकडं होईल, होऊ दे. उजवा पाय मी अजून ओढतच चालतो. मी थांबलो असतो, तर तिला सांगायचं राहूनच गेलं असतं.