निम्मा काळा रंग

नमस्काराला कोणी वाकलं, की मेंढीकाका आशीर्वाद द्यायच्या आधी त्याच्या डोक्यावरचा एखादा केस चिमटीत धरून उजेडात बघत. ठाण्याच्या लोकरीच्या गिरणीत लोकर निवडण्यात त्यांची हयात गेलेली. कोपरीला आमच्या शेजारच्याच खोलीत ते राहत. पण येताना सवय गिरणीत ठेवून येणं त्यांना कधी जमलं नाही.

पांढऱ्या लोकरीत काळे केस मिसळले की त्यांच्यावर दुसरा रंग चढत नाही, म्हणून काळं कोकरू मुळात येतं कुठून, याचा काकांना ध्यास. दिवाळीनंतर बाळकुमच्या मोकळ्या शेतांत एका धनगराचा कळप उतरे. काका दर रविवारी तिथे जाऊन मेंढ्यांची वंशावळ लिहून आणत. स्वतःच्या पणजोबांचं नाव मात्र त्यांना सांगता येत नसे. जुळ्यातली मेंढी जुळंच देते, हा त्यांचा आणखी एक लाडका सिद्धान्त. चाळीतल्या गरोदर बायका त्यांना जिन्यात बघून मागे फिरत, कारण ते हमखास विचारत, "तुमची आई जुळ्यातली का हो?"

माझे आईबाबा दोघंही गोरे आणि मी चांगली काळी. आजी त्याचं खापर आईवर फोडायची. "आमच्या घराण्यात हा रंग नाही," हे मी कळायला लागल्यापासून ऐकत आले. आई मान खाली घालून भाकरी थापत राही. मला तिची दया यायची आणि स्वतःचाच राग यायचा.

एकदा आजी काकांसमोरच हे बोलली. काकांनी चहाची बशी खाली ठेवली.

"मावशी, दोन पांढऱ्यांच्या पोटी काळं कोकरू आलं की धनगर मेंढीला विकायला काढतो. पण काळेपणा दोघांकडून यावा लागतो. निम्मा मेंढीचा, निम्मा एडक्याचा."

बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. माणसं आणि मेंढरं यांत काही फरक असतो, हे काकांना कोणी सांगितलेलं नसावं. मुलाला एडका म्हटलं म्हणून आजीने महिनाभर त्यांना विरजण दिलं नाही.

निवृत्त होऊन काका गावी गेले आणि दोन वर्षांत तिकडेच वारले. त्यानंतर कल्याणची मंडळी मला बघायला आली. मुलाच्या आईने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि विचारलं, "रंग कुणाकडून आला म्हणायचा?"

आईची मान सवयीने खाली गेली. आजीने पदर सारखा केला.

"निम्मा आमच्याकडून," ती म्हणाली.

ते स्थळ जमलं नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. हे ऐकायला काका नव्हते, त्याचं मात्र अजून वाटतं.